नोकरी सोडून त्याच बाजारात दुकान लावलं, तर जुना मालक अडवू शकतो का?

मे महिना लागला की विदर्भातल्या तालुक्याच्या बाजारपेठांत कृषी सेवा केंद्रांचे नवे बोर्ड दिसू लागतात. त्यातली बरीच दुकानं टाकणारी पोरं काल-परवापर्यंत त्याच ओळीतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी काउंटरवर उभी असायची. बोर्ड लागला की दोन-चार दिवसांत जुन्या मालकाचा निरोप येतो: "तुनं लिहून देलं हाये, तीन वर्षं या तालुक्यात दुकान लावता येत नाही." पाठोपाठ वकिलाची नोटीस. पोरगा घाबरतो, घरचे त्याहून जास्त घाबरतात, आणि ऐन खरिपाच्या तोंडावर शटर खाली येतं.

गेल्या वर्षा-दोन वर्षांत यात आणखी गोंधळ झाला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात बॉण्डची, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचे ही अट ग्राह्य धरली. 'आता बॉण्ड चालतो' एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. पुढच्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानं एका सॉफ्टवेअर इंजिनिअरवर लावलेली, नोकरी सोडल्यानंतर तीन वर्षं अमुक ठिकाणी काम करायचं नाही ही बंदी उठवली. दोन्ही निकाल बरोबर आहेत. पहिला नोकरीच्या आतल्या काळाबद्दल आहे, दुसरा नोकरी संपल्यानंतरच्या.

सालगड्याच्या हिशेबानं पाहा

गुढीपाडव्याला साल ठरतं. सालगडी उचल घेतो आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्या वावरात राबायचं कबूल करतो. मधेच, ऐन डवऱ्याच्या दिवसांत, तो शेजारच्या वावरात निघून गेला तर मालकाची तक्रार रास्त असते. उचल परत मागता येते, झालेलं नुकसान सांगता येतं. (त्याला धरून ठेवून राबवता मात्र येत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली आहे.)

पाडवा उलटला की तो मोकळा. शेजारच्या कास्तकाराकडे साल धरू शकतो, कुणाचं वावर बटईनं करू शकतो, स्वतःची दोन एकर वाहू शकतो. 'या शिवारात तीन वर्षं औताला हात लावायचा नाही' असं त्याला कुणी म्हणत नाही. औत धरायची हातोटी त्यानं त्याच वावरात कमावली असली, तरी ती त्याच्यासोबत जाते. मालकाची बैलजोडी आणि तिफण मात्र गोठ्यातच राहते.

नोकरीचा कायदा याच तीन गोष्टींवर उभा आहे: साल चालू असताना काय, साल संपल्यावर काय, आणि जाताना गोठ्यातून काय नेलं.

१८७२ चा कायदा काय म्हणतो

भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७. कुणालाही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार, तो जेवढ्यापुरता रोखतो तेवढ्यापुरता रद्दबातल आहे, असं हे कलम सांगतं. रद्दबातल म्हणजे ती अट कागदावर नव्हतीच असं धरायचं. बाकीचा करार, म्हणजे पगार, हुद्दा, नोटीस कालावधी वगैरे, कायम राहतो.

इथं बहुतेकांचा एक समज आडवा येतो. 'पूर्ण बंदी चालत नसेल, पण पाच किलोमीटरची, एकाच वर्षाची वाजवी बंदी तर चालेल ना?' इंग्लंडमध्ये न्यायालयं बंदी वाजवी आहे का ते तपासतात आणि वाजवी असेल तर टिकवतात. आपल्याकडे नोकरी संपल्यानंतरच्या बंदीला हा मापदंड लागत नाही. १८७४ मध्येच कलकत्ता उच्च न्यायालयानं तो प्रश्न निकालात काढला. एकाच भागातल्या दोन दुकानदारांपैकी एकानं दुसऱ्याला त्या भागातलं दुकान बंद करण्यासाठी पैसे कबूल केले. त्यानं दुकान बंद केलं, पैसे मात्र मिळाले नाहीत, म्हणून तो कोर्टात गेला आणि हरला. एवढ्याशा भागापुरती बंदीसुद्धा बंदीच, म्हणून करार रद्दबातल.

सर्वोच्च न्यायालयासमोर १९८० मध्ये मालाची तपासणी करणाऱ्या एका कंपनीचं प्रकरण आलं. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं, शेवटची नेमणूक होती त्या ठिकाणी तसाच धंदा करायचा नाही, अशी अट होती. कंपनीनं काढून टाकलेल्या माणसानं दिल्लीत स्वतःचं काम सुरू केलं. न्यायालयानं त्याला रोखायला नकार दिला. २००६ मध्ये आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या प्रकरणातही तेच झालं. त्याचं काम पाहणाऱ्या कंपनीशी झालेला तीन वर्षांचा करार संपला होता, पण पुढची प्रत्येक ऑफर आधी आम्हाला दाखवायची, असं कंपनीचं म्हणणं होतं. करार संपल्यावर असं बांधून ठेवता येत नाही, असा निकाल लागला.

साल चालू असताना मात्र बंधन आहे

कल्याणच्या रेयॉन कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्यानं पाच वर्षांचा करार करून दीड-दोन वर्षांतच प्रतिस्पर्धी कारखाना गाठला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला कराराच्या मुदतीपुरती दिलेली मनाई कायम ठेवली. मुदत चालू असताना दुसऱ्याचं तेच काम करायचं नाही, ही अट कलम २७ मध्ये अडकत नाही.

म्हणून तारखांचं महत्त्व फार आहे. पगार चालू असताना गाळा पाहून ठेवणं, बँकेत कर्जाची चौकशी करणं, परवान्याला काय कागद लागतात ते विचारणं, यात सहसा अडचण नसते. ही तयारी झाली. पण मालकाच्या काउंटरवर उभं राहून 'भाऊ, यंदा बियाणं माझ्याकडूनच घ्या, जूनमध्ये माझं दुकान लागतं' म्हणणं, मालकाकडे आलेली बुकिंग बाजूला वळवणं, भावाच्या नावानं आधीच दुकान चालू करणं, हे नोकरीतली बेइमानी ठरतं. यातल्या नुकसानीचा दावा टिकू शकतो.

"पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दिलंय, नोटरी पण झालंय"

गावाकडे स्टॅम्प पेपरचा धाक मोठा. स्टॅम्प म्हणजे सरकारला भरलेलं शुल्क. त्यानं आतल्या मजकुराला जास्तीचं बळ येत नाही. नोटरीचा शिक्का सांगतो की सही याच माणसानं केली. कायद्यानं रद्दबातल असलेली अट पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिली तरी रद्दबातलच. 'दुकान लावल्यास तीन लाख दंड' असं लिहिलं असेल तर तीही बंदीच, फक्त आडवळणानं घातलेली.

सही केली म्हणून आता काही इलाज नाही, हे डोक्यातून काढून टाका. मात्र त्याच कागदावर दुसऱ्या अटी असतात आणि त्या टिकू शकतात. संपूर्ण कागद वाचा. कंपन्यांच्या फील्डवरच्या पोरांनी एक ओळ तर शोधून वाचावी: वाद कोणत्या गावच्या न्यायालयात चालेल. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोकरीच्या करारातली अशी अट ग्राह्य धरली आहे, फक्त त्या न्यायालयाला मुळात अधिकार असला पाहिजे. वाशिममध्ये बियाण्याचं काम केलेल्या माणसाला हैदराबादच्या तारखा कराव्या लागल्या, तर जिंकूनही तो कर्जात जाईल.

उधारीची वही

खरा वाद इथं होतो, म्हणून इथं जरा थांबू.

कृषी सेवा केंद्राचा जीव उधारीच्या वहीत असतो. एका पानावर एक कास्तकार: नाव, गाव, मोबाइल नंबर, किती एकर कापूस, किती सोयाबीन, मागच्या हंगामात कोणतं बियाणं नेलं, किती बाकी, दिवाळीत किती दिले, कुणाच्या हमीवर दिले. कुणाला माल द्यायचा आणि कुणाला हात जोडायचे, हे मालकानं वीस वर्षं पैसे बुडवून शिकलेलं असतं. ती वही त्याची आहे.

सात वर्षं काउंटरवर उभ्या असलेल्या पोराला त्यातली निम्मी नावं तोंडपाठ असतात. हे ज्ञान त्याचं की मालकाचं? न्यायालयं साधारण असा फरक करतात. काम करता करता अंगात मुरलेलं कौशल्य, माणसांची ओळख, पिकावरची कीड बघून औषध सांगायची जाण, हे नोकराचं. वहीच्या पानांचे फोटो, कॉम्प्युटरमधून पेन ड्राइव्हवर घेतलेली ग्राहकांची यादी, कंपनीनं फक्त त्या दुकानाला दिलेल्या स्कीमचा कागद, हे मालकाचं. कॉम्प्युटरमधला डेटा मालकाच्या परवानगीशिवाय उतरवून घेतला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाई आणि बेइमानीच्या हेतूनं केलं असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

'डोक्यात आहे ते सगळं माझं' असंही धरून चालू नका. सावजीच्या भोजनालयाचा मसाला घ्या. मसाला कसा भाजायचा, तेल सुटेपर्यंत वाटण कसं परतायचं, ही कला हाताची. पण मालकानं मसाल्याचं नेमकं वजनी प्रमाण कुलपात ठेवलं असेल, ते फक्त दोघांना सांगितलं असेल आणि कुठं सांगायचं नाही असं लिहून घेतलं असेल, तर ते पाठ करून नेलं तरी नेलंच. धंद्याचं गुपित ठरायला तीन गोष्टी पाहतात: ते बाहेर सर्वांना माहीत नसावं, गुपित असल्यामुळेच त्याला किंमत असावी, आणि मालकानं ते जपायची खटपट केलेली असावी. आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही. विधी आयोगानं मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात तसा कायदा सुचवला आहे. तोवर न्यायालयं विश्वासभंगाच्या तत्त्वावर काम चालवतात.

आणि गिऱ्हाईक? गिऱ्हाईक कुणाच्या मालकीचं नसतं. कास्तकार स्वतःहून तुमच्या दुकानाची पायरी चढला तर त्याला कुणी रोखू शकत नाही, तुम्हालाही नाही. 'जुन्या ग्राहकांकडे स्वतःहून जायचं नाही' अशी अट लिहिलेली असेल, तर तिच्याबद्दल न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. काहींनी ती मर्यादित अर्थानं मान्य केली आहे. तेव्हा अशी अट असेल तर यादी समोर धरून एकेकाला फोन लावत बसू नका. पेपरात जाहिरात द्या, बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटा.

बोर्डावरचं नाव

विदर्भात गजाननाच्या नावाची दुकानं प्रत्येक तालुक्यात चार-पाच असतात. देवाच्या नावावर कुणाची मक्तेदारी नाही. पण जुनं दुकान 'श्री गजानन', तुमचं 'न्यू श्री गजानन', बोर्ड त्याच हिरव्या-पिवळ्या रंगात, पिशवीवर तसंच चित्र, आणि विचारणाऱ्याला 'हो, त्यांचीच शाखा' असं उत्तर, हे सगळं जुळून आलं की ती लोकांची फसवणूक ठरते. मालकाचं नाव नोंदणीकृत नसलं तरी तो मनाई मागू शकतो. वेगळं नाव, वेगळा रंग ठेवला की हा प्रश्नच मिटतो, आणि त्याला खर्चही काही जास्त लागत नाही.

भागीदार आणि दुकान विकणारा यांचं गणित वेगळं

कलम २७ ला एक अपवाद आहे. तुम्ही चालतं दुकान त्याचं नाव आणि बाजारातली पत (गुडविल) यांच्यासह विकलं, आणि खरेदीदाराला लिहून दिलं की या गावात तसं दुकान लावणार नाही, तर ते बंधन टिकतं. हद्द ठरवलेली हवी, वाजवी हवी, आणि खरेदीदार तो धंदा करत असेतोवरच. त्यानं त्या नावाचे पैसे मोजलेले असतात.

भागीदारीचंही तसंच. दाल मिल किंवा जिनिंग दोघांनी टाकली आणि एक बाहेर पडला, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ३६ सांगतं की तो स्पर्धेचा धंदा करू शकतो. मात्र फर्मचं नाव वापरता येत नाही, मी फर्मचाच आहे असं भासवता येत नाही, आणि जुन्या ग्राहकांना स्वतःहून गाठता येत नाही. भागीदारांनी ठरावीक काळ किंवा ठरावीक हद्दीपुरतं 'तसा धंदा करणार नाही' असं आपसात लिहिलं असेल आणि ते वाजवी असेल, तर तेही चालतं.

यावरून एक डाव खेळला जातो: नोकरालाच कागदावर एक-दोन टक्क्यांचा भागीदार दाखवायचं. तुमच्या नावानं अशी भागीदारी झाली असेल, तर निघण्याआधी ते कागद वकिलाला दाखवा. फर्मच्या कर्जाला तुम्ही बांधले गेले आहात का, हाही प्रश्न त्यात असतो आणि तो दुकानापेक्षा मोठा आहे.

बॉण्ड, कोरा चेक आणि मार्कशीट

विजया बँकेची अट अशी होती: तीन वर्षं पूर्ण होण्याआधी सोडलं तर दोन लाख भरायचे. सोडल्यावर कुठं काम करायचं यावर बंदी नव्हती. सरकारी बँकेला भरतीचा मोठा खटाटोप पुन्हा करावा लागतो, हे न्यायालयानं धरलं. कंपनीनं तुम्हाला खरंच पुण्याला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या ट्रेनिंगला पाठवलं, खर्च केला, आणि दोन वर्षांचा बॉण्ड घेतला, तर मधेच सोडल्यास काही रक्कम द्यावी लागू शकते. पण करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाई देतं, लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. ट्रेनिंगवर आठ हजार खर्चून दोन लाखांचा बॉण्ड लिहून घेतला, म्हणून दोन लाख हातात पडत नाहीत.

सही केलेला कोरा चेक जास्त धोक्याचा. चेक बाउन्स झाल्यावर मालकाची नोटीस आली की पैसे भरायला पंधरा दिवसांची मुदत असते. देणं नसताना चेक वापरला, हे तुम्हाला दाखवावं लागतं, कारण कायदा सुरुवातीला चेक हातात असणाऱ्याच्या बाजूनं धरून चालतो. राजीनाम्यातच चेकचा नंबर लिहून तो परत मागा, नोकरीची हमी म्हणून दिला होता हे नमूद करा.

मूळ मार्कशीट, डिप्लोमा दाबून ठेवायचा अधिकार कुणाला नाही. स्पीड पोस्टनं लेखी मागणी करा, पावती जपा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. मालकानं दोन महिन्यांचा पगार थकवला, म्हणून पोरगा गावोगाव फिरून आणलेली वसुली स्वतःकडे ठेवतो. 'माझे पैसे मी वळते केले' असं त्याला वाटतं. तोवर सगळा वाद दिवाणी होता, पोलिसांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. वसुली ठेवून घेतली की नोकरानं केलेल्या विश्वासघाताची तक्रार होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पगार वेगळा मागा. वसुली पै न पै जमा करून वहीवर मालकाची सही घ्या.

"मग शिकवणाऱ्या मालकानं काय करायचं?"

हा राग खोटा नाही. शेंगदाणा आणि सोयाबीनचं वाण न ओळखणाऱ्या पोराला त्यानं सात वर्षांत तयार केलेलं असतं. पण तीन वर्षांच्या बंदीचा कागद त्याला वाचवत नाही, म्हणून जे टिकतं त्यावर त्यानं भर द्यावा. एक-दोन महिन्यांचा नोटीस कालावधी लेखी ठेवावा. दुकानाचं सिम स्वतःच्या नावावर असावं, म्हणजे कास्तकारांचा व्हॉट्सअॅप ग्रुप दुकानाकडेच राहतो. उधारीची वही कुलपात आणि कॉम्प्युटरला प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड ठेवावा. काय गुपित आहे ते नेमकं लिहावं, 'सर्व माहिती गोपनीय' असं मोघम नको. आणि ज्याच्या भरवशावर दुकान चालतं त्याला विक्रीवर कमिशन द्यावं. पोरं बहुतेक वेळा आठ हजारांवर सहा वर्षं अडकल्यावरच दुकान सोडतात.

नोटीस आलीच तर

नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही, मालकाच्या वकिलाचं पत्र आहे. दुकान बंद करू नका, फोनवर भांडू नका, रागात व्हॉट्सअॅपवर काही कबूल करू नका. कराराची प्रत, राजीनामा, हिशेब दिल्याची पोच आणि नव्या दुकानाच्या पहिल्या बिलाची तारीख घेऊन वकिलाकडे जा आणि लेखी उत्तर पाठवा.

त्यासोबत दावा होण्याची शक्यता आहे त्या न्यायालयात कॅव्हेट टाका. कॅव्हेट म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज. तो नव्वद दिवस चालतो, मग पुन्हा टाकावा लागतो. जून-जुलैत एकतर्फी तात्पुरती मनाई मिळाली तर नंतर जिंकून उपयोग नाही, पेरणी उरकलेली असते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथं उत्पन्नाची अट नाही.

परवान्यात अडकलेलं नाव

कृषी सेवा केंद्र टाकणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट. कीटकनाशकाच्या परवान्यासाठी मालकाकडे किंवा त्यानं नोकरीला ठेवलेल्या माणसाकडे ठरावीक शिक्षण लागतं. अनेक जुने परवाने काउंटरवरच्या पोराच्या कृषी पदवीवर किंवा डिप्लोम्यावर चालतात. तुमचं शिक्षण जुन्या दुकानाच्या परवान्यावर लागलेलं असेल, तर ज्या दिवशी नोकरी सुटली त्या तारखेचं पत्र परवाना देणाऱ्या कृषी कार्यालयाला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. नाहीतर तुमच्या अर्जावर हरकत येते, आणि जुन्या दुकानात मुदतबाह्य औषध सापडलं तर चौकशीत तुमचंही नाव निघतं.

परवान्याला ज्या कंपनीचा माल विकायचा तिचं प्रिन्सिपल सर्टिफिकेट (आमचा माल हा विकू शकतो, असा कंपनीचा दाखला) लागतं, खतासाठी ओ फॉर्म (माल कुणाकडून येणार त्याचा दाखला) लागतो. जुना मालक वितरकाला 'त्याला माल देऊ नका' म्हणून सांगतो, तेव्हा पोरगा कोर्टात न हरताही अडकतो, कारण कुणाला माल द्यायचा हे वितरक ठरवतो. म्हणून राजीनामा देण्याआधी निदान तीन-चार कंपन्यांशी बोलून ठेवा, आणि हे मार्चमध्येच करा. एप्रिल-मेमध्ये कृषी कार्यालयात अर्जांचा ढीग लागलेला असतो.